कऱ्हाडहून गुहागरला जाताना चिपळूणला मुक्काम करावा का?

करावाच. कुंभार्ली घाटाची वळणं उतरेपर्यंत पोरांच्या पोटात ढवळलेलं असतं, आणि गुहागर अजून सुमारे ४५ किमी! मुळात हे गाव थांब्याचंच. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून इथे उतरायचा, गोवळकोटच्या धक्क्यावर गलबतात चढायचा आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीकडे निघायचा. कोयनेची वीज करून सुटलेलं पाणीही वाशिष्ठीतच येतं, म्हणून भर उन्हाळ्यात तिला पाणी असतं. संध्याकाळी परशुराम घाटातल्या विसावा पॉइंटवर जा: खाली नदीची वळणं, मधली बेटं, कडेला भातखाचरं. पावसाळ्यात मात्र लॉज नदीपासून लांब, उंचावर बघा. जुलै २०२१ च्या पुरात अख्खी बाजारपेठ पाण्याखाली होती.