मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेसाठी सोशल मीडिया कंपन्यांना जबाबदार का धरायचं? फोन तर पालकच देतात ना?

फोन पालकच देतात, हे खरं. तो कधी द्यायचा, किती वेळ द्यायचा, ही जबाबदारी त्यांचीच. पण पुढचा व्हिडिओ कोणता लागेल, अनोळखी माणसाला मुलाशी थेट बोलता येईल का, रात्री अकरा वाजता नोटिफिकेशन वाजेल का, हे कंपनीतली माणसं ठरवतात. मी अ‍ॅप डिझाइनचं काम करते, म्हणून खात्रीने सांगते की यातलं काहीच आपोआप घडत नाही. प्रत्येक बटणावर चर्चा होते, दोन-तीन पर्याय वापरणाऱ्यांवर आजमावले जातात आणि बहुतेक वेळा ज्यात माणूस जास्त वेळ खिळून राहतो तोच टिकतो. असे निर्णय घेणाऱ्याने त्यांच्या परिणामांचा जाबही द्यायला हवा.

ब्रिटनमधलं एक प्रकरण मी विसरू शकत नाही. २०१७ मध्ये १४ वर्षांच्या एका मुलीचा स्वतःला इजा करून घेतल्याने मृत्यू झाला. २०२२ च्या मृत्यूचौकशीत समोर आलं की शेवटच्या सहा महिन्यांत तिने इन्स्टाग्रामवर सेव्ह, लाइक किंवा शेअर केलेल्या सुमारे १६,३०० पोस्टपैकी २,१०० नैराश्य, स्वतःला इजा करणं किंवा आत्महत्या याबद्दलच्या होत्या. पिंटरेस्ट हे चित्रं जमवून ठेवायचं अ‍ॅप तर तिला ‘नैराश्याबद्दलचे हे पिन (म्हणजे चित्रं) तुम्हाला आवडतील’ अशा अर्थाचे ईमेल पाठवत होतं. म्हणजे ती शोधत नसतानाही यंत्रणा तिच्यापर्यंत हे पोहोचवत होती. तिच्या मृत्यूला ऑनलाइन मजकुराचा हातभार लागला, असा निष्कर्ष चौकशी अधिकाऱ्यांनी काढला. घरात कितीही प्रेमळ, सावध पालक असले तरी त्या ईमेलपुढे ते काय करणार होते?

कंपन्यांचा नेहमीचा बचाव असा की मजकूर लोक टाकतात, आम्ही नाही. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यातलं कलम २३० त्यांना हेच संरक्षण देतं. त्यामागचा विचार मला पटतो. प्रत्येक पोस्टसाठी कंपनीला कोर्टात खेचलं तर ती भीतीपोटी निम्मं बोलणंच बंद करेल. म्हणूनच माझा भर डिझाइनवर आहे. पोस्ट कुणाचीही असो, ती कोणत्या मुलापुढे, किती वेळा ठेवायची हा निर्णय कंपनीचा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ४० हून अधिक राज्यांनी इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटावर खटले भरले तेही मुख्यतः याच मुद्द्यावर. त्याआधी २०२१ मध्ये याच कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हौगन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांत, किशोरवयीन मुलींवर इन्स्टाग्रामचा काय परिणाम होतो याचं कंपनीचं स्वतःचंच संशोधन होतं. त्याचा चुकीचा अर्थ लावला जातोय, असं कंपनी म्हणाली. मग ते संशोधन आधीच जगापुढे का ठेवलं नाही, हा माझा प्रश्न आहे.

कायद्याने खरंच फरक पडतो का? पडतो. ब्रिटनची मुलांसाठीची डिझाइन संहिता सप्टेंबर २०२१ पासून पूर्ण लागू होणार होती. त्याआधीच्या काही आठवड्यांत इन्स्टाग्रामने १६ वर्षांखालच्यांची नवी खाती आपोआप खाजगी केली, यूट्यूबने १८ वर्षांखालच्यांसाठी ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपसूक सुरू होणं, मुळातच बंद ठेवायचं ठरवलं आणि टिकटॉकने किशोरांना रात्री जाणाऱ्या सूचना थांबवल्या. हा योगायोग मानायला मी तयार नाही. यातल्या कशासाठीच नवं तंत्रज्ञान लागत नव्हतं, हे सगळं कितीतरी आधी करता आलं असतं.

दंडाचं म्हणाल तर मुलांची खाजगी माहिती हाताळण्यातल्या चुकांवरून आयर्लंडच्या नियामकाने २०२२ मध्ये इन्स्टाग्रामला ४०.५ कोटी युरो आणि २०२३ मध्ये टिकटॉकला ३४.५ कोटी युरो दंड केला. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यात जागतिक उत्पन्नाच्या १० टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मला ही पद्धत जास्त योग्य वाटते, कारण ठरावीक रकमेचा दंड मोठी कंपनी खर्चात धरून मोकळी होते.

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांच्या खात्यांवर बंदी आणली. तिथे दंड फक्त कंपनीला आहे, मुलांना वा पालकांना नाही, हे मला आवडलं. बंदीबद्दल मात्र मी साशंक आहे. वय सिद्ध करायचं तर सगळ्यांचेच चेहरे आणि कागदपत्रं तपासावी लागण्याची शक्यता असते. शिवाय सोळावा वाढदिवस झाला की तेच फीड, त्याच खुब्या मुलापुढे हजर.

माझ्या मते मुलांचं खातं मुळातच खाजगी असावं, अनोळखी प्रौढांचे मेसेज बंद असावेत, आणि तक्रारीला ठरावीक मुदतीत माणसाने उत्तर द्यावं. या शेवटच्या मुद्द्यावर मी हट्टी आहे, कारण घाबरलेल्या पालकाला ‘नियमभंग आढळला नाही’ असं यंत्राचं उत्तर येतं तेव्हा त्याला पुढे दारच उरत नाही.

तुमच्या घरी असं काही घडलंच असेल तर ब्लॉक करण्याआधी समोरच्याचं युजरनेम, लिंक आणि तारीख टिपून ठेवा. मुलाचा फोन रागाने काढून घेऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. मुलाचे नग्न फोटो पसरवण्याची धमकी असेल तर पैसे देऊ नका, तो फोटो पुरावा म्हणूनही कुणाला पाठवू नका, पोलिसांकडे जा. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा अशा फोटोचा सांकेतिक ठसा सहभागी कंपन्यांना देते, म्हणजे त्यांना तो ओळखून काढता येतो. फोटो तुमच्या फोनमधून बाहेर जात नाही, नावही द्यावं लागत नाही.