‘पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलेला रिपोर्ट परत पाठवा

तुम्ही लिहिलंय, टोमॅटोच्या एफ-२ मधली (संकराच्या दुसऱ्या पिढीतली) टीवाय-३ ‘पॉझिटिव्ह’ झाडं, म्हणजे बोकड्याला (पानं आकसवणारा विषाणूरोग) प्रतिकार देणारं टीवाय-३ जनुक लॅबला सापडलेली, निवडून बी धरलं, तरी पुढच्या पिढीत काही झाडांवर बोकड्या आलाच. आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं. मार्कर म्हणजे जनुक झाडात आहे का ते दाखवणारी डीएनएची खूण, हे तुम्हाला माहीतच आहे, थेट मुद्द्यावर येतो.

‘पॉझिटिव्ह’च्या पुढे होमो (जनुकाच्या दोन्ही प्रती प्रतिकारक) की हेटेरो (एकच प्रत प्रतिकारक), हे लिहिलंय का? नसणार. टीवाय-३ चा नेहमीचा पी६-२५ मार्कर दोन्ही दाखवतो: जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारा थर) प्रतिकारकाचा पट्टा साधारण ४५० बेसचा (बेस म्हणजे डीएनएच्या लांबीचं माप), रोगाला बळी पडणाऱ्याचा ३२० चा. दोन्ही पट्टे दिसले की झाड हेटेरो. आमच्या लॅबने दोघांना एकाच रकान्यात कोंबलं. एफ-२ मध्ये पॉझिटिव्ह तिनापैकी दोन झाडं हेटेरोच असतात, आणि त्यांच्या बियांतला चौथा हिस्सा परत रोगाला बळी. जेलचा फोटो मागितला तर म्हणे ‘आमच्या फॉरमॅटमध्ये बसत नाही’. पैसे मात्र नमुन्यागणिक, तेही आगाऊ! साहेब कायम मीटिंगमध्ये. तोवर लागवडीची वेळ टळली, हंगाम गेला. अजून आठवलं की डोकं तापतं.

असो. यापुढे दोन्ही पालक आणि त्यांचं एफ-१ (संकराची पहिली पिढी, म्हणजे हेटेरोच) यांची पानं नाव न सांगता, नुसते नंबर घालून नमुन्यांत मिसळा. एफ-१ ला दोन पट्टे आले नाहीत तर त्या लॅबचा नाद सोडा.

मी विषाणूतज्ज्ञ नाही, निवडीचं काम करतो. पण माझ्या मते एकट्या टीवाय-२ वर (बोकड्याविरुद्धचं दुसरं जनुक) विसंबू नये, विषाणूचे काही प्रकार त्याला जुमानत नाहीत. टीवाय-३ सोबत असू द्या. कुणी टीवाय-१ आणि टीवाय-३ ‘एकत्र बसवून देतो’ म्हणालं तर पैसे देऊ नका. ती एकाच जनुकाची रूपं आहेत, हे २०१३ मध्येच सिद्ध झालंय. एका शुद्ध वाणात दोन्ही कशी बसणार?

आणि झाडावर बोकड्याच आहे ना, तेही बघून घ्या. २०२० मध्ये आपल्याकडे टोमॅटोवरचा जो रोग ‘तिरंगा’ म्हणून गाजला, त्यात मुख्य संशयित काकडीचा मोझॅक विषाणू होता. तो मावा पसरवतो, बोकड्या पसरवणारी पांढरी माशी नव्हे. तिथे टीवाय काय करणार? उन्हाळी प्लॉटमध्ये मधूनमधून पुसा रुबीची (बोकड्याला बळी पडणारं वाण) ओळ लावा, पांढऱ्या माशीवर फवारू नका. पुसा रुबीच निरोगी राहिली, तर त्या प्लॉटवरून काहीच ठरवू नका.

जुनं बी फेकू नका. प्रत्येक झाडाच्या बियांची डझनभर रोपं करून वेगवेगळी तपासा. एक जरी निगेटिव्ह निघालं तरी ते मूळ झाड हेटेरो, त्याचं बी बाजूला. एकही नाही निघालं तर बहुतेक होमो, ते पुढे न्या.