लेकीच्या तोंडाकात गालमो घातला, आता ती माझ्या हातचं जेवत नाही

प्रश्न : आम्ही गोव्यात फोंड्याजवळच्या गावात राहतो. मुलगी 24 वर्षांची, पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करते. गेलं दीड वर्ष ती व्हीगन आहे. नुस्ते (मासे), मटण, अंडी तर सोडलीच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. आमच्याकडे सोमवार आणि चवथीचे दिवस सोडले तर नुस्त्याशिवाय जेवण होत नाही. तिचे बाबा रोज सकाळी स्वतः बाजारात जातात. ती त्यांना म्हणते, "तुमच्या ताटात मढं आहे." एकदा तर जेवताना कत्तलखान्याचा व्हिडिओ लावला. ते म्हणतात, "माझ्या घरात मला शिकवू नकोस." तिचे केस गळताहेत, तोंडावर तेज नाही. मला बघवेना, म्हणून तिच्या वरणात चमचाभर तूप आणि तोंडाकात (कडधान्याच्या रश्श्यात) गालम्याची (सुक्या बारीक कोळंबीची) पूड घालू लागले. महिन्याने तिला कळलं. आठ दिवस झाले, ती माझ्या हातचं काही खात नाही, बाहेरून मागवते. दिवाळीला दीर-जावा आणि मुलं आमच्याकडे फोव (पोहे) खायला येणार आहेत. आई म्हणून मी चुकले का? आणि आता काय करू?

ताई,

हो, चुकलात. काळजी खरी होती, पण "हे मी खाणार नाही" असं ज्याने स्पष्ट सांगितलंय त्याच्याच ताटात ते लपवून घालणं हा त्याच्या शब्दाचा अपमान आहे. बापलेकीची भांडणं हा एक प्रश्न, आणि तुमच्या हातावरचा तिचा विश्वास उडाला हा दुसरा. दुसरा आधी सोडवा. तो सुटला नाही तर तुम्ही निगुतीने केलेलं भाज्यांचं खतखतंही ती संशयाने चिवडत बसेल.

जेवणाची वेळ टाळून, बाबा घरात नसताना तिच्याशी बोला. बोलायचं ते मोजकं : "मी तुझ्या वरणात तूप आणि तोंडाकात गालमो घातला. महिनाभर घातला. ते चूक होतं. पुन्हा घालणार नाही." एवढं बोलून थांबा. "तुझ्याच भल्यासाठी", "आईचं काळीज तुला काय कळणार" ही वाक्यं तोंडाशी येतील, ती गिळा. माफीच्या मागे "पण" लागला की ती माफी राहत नाही, नवा वाद सुरू होतो. तिने विचारलं, "आणखी कशात घातलं होतं?" तर आठवेल ते सगळं सांगा. अर्धं सांगितलं आणि उरलेलं नंतर बाहेर आलं तर पुन्हा सांधता येणार नाही. ती लगेच जेवायला बसेल अशी अपेक्षा ठेवू नका. काही दिवस तिचं तिला रांधू दे, तुम्ही शेजारी नारळ खवून द्या. आग्रह करू नका.

ज्या हेतूने घातलं तो तरी साधला का, हेही पाहू. तुपात जवळजवळ सगळी चरबीच, प्रथिनं आणि बी-12 नावापुरतीही नाहीत. चिमूटभर गालम्याने तोंडाकाला चव येते, अंगाला काही लागत नाही. कोळंबीवर्गातल्या जिन्नसांची कित्येकांना ॲलर्जी असते, तेव्हा ते लपवून घालणं धोक्याचंही आहे. आणि केस गळण्याचं कारण तुम्ही आधीच ठरवून टाकलंत. लोह कमी असेल, थायरॉइड असेल, भरभर वजन उतरलं असेल, दोन-तीन महिन्यांपूर्वी डेंग्यूसारखा मोठा ताप येऊन गेला असेल, या सगळ्यांत केस गळतात.

म्हणून रक्त तपासा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, बी-12, ड जीवनसत्त्व आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) एवढ्या तपासण्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. नुसतं हिमोग्लोबिन बघून "ठीक आहे" म्हणू नका. शरीरातला लोहाचा साठा आधी आटतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं, आणि तो साठा फेरिटिनवरून कळतो. बी-12 ची गोळी सुरू करण्याआधी रक्त द्या. गोळी पोटात गेल्यावर आकडा वर सरकतो आणि मूळ कमतरता झाकली जाते.

बी-12 च्या बाबतीत लेकीशीही स्पष्ट बोला. व्हीगन माणसाला ते बाहेरून घ्यावंच लागतं, कारण वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. आंबवलेली इडली, अळमी (मशरूम), स्पिरुलिना यांवर विसंबू नये. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, त्यामुळे पहिलं वर्ष-दोन वर्षं "मला काही होत नाही" असं वाटत राहतं. मग हातापायांना मुंग्या, जिभेची आग, दम लागणं सुरू होतं, आणि फार उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. तपासणीत प्रमाण ठीक निघालं तर रोज 10 मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा 2000 मायक्रोग्रॅम घ्यावं. दोन आकड्यांत एवढी तफावत दिसते, कारण एकदम मोठा डोस घेतला तर शरीर त्यातला अगदी थोडा भाग शोषतं. प्रमाण कमी निघालं तर डॉक्टर ठरवतील तो उपचार. हे जीवनसत्त्व कारखान्यात जिवाणूंच्या साहाय्याने बनतं, तेव्हा तिच्या तत्त्वाला बाध येत नाही. फक्त कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं, म्हणून साधी गोळी मागा.

आता मीठ. आपल्याकडे बऱ्याच घरांत मिठागरातलं गावठी मीठ वापरतात. त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं. नुस्ते खाणाऱ्याला आयोडीन समुद्राच्या नुस्त्यातून मिळतं, दूधदुभत्यातूनही थोडं. तुमच्या लेकीने दोन्ही सोडलंय. तिच्या जेवणात आयोडीनयुक्त मीठच हवं. टीएसएच तपासायला सांगितलं त्यामागे हेही कारण आहे.

प्रथिनांची चिंता मात्र फार करू नका. 55 किलोच्या मुलीला दिवसाला साधारण 45 ग्रॅम लागतात. दुपारी मुगागाठी किंवा अळसांद्याचं तोंडाक, रात्री दाट डाळ, प्रत्येकी 40 ग्रॅम सुकं कडधान्य धरलं तर 18 ग्रॅम झाली. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाणे, आणखी सात. भात-चपातीतून बारा-चौदा सहज येतात. राहिलेली टोफू, सोयाबीन किंवा सोया दुधातून भरतील. चुकतं कुठे, तर "शिवराक" (शाकाहारी) म्हणून पातळ वरण, भात आणि बटाट्याच्या कापांवर भागवलं जातं. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी आणि तिळाची चटणी ठेवा, जेवणावर लिंबू पिळा, चहा जेवणानंतर तासाभराने. लिंबाने डाळीतलं लोह चांगलं शोषलं जातं, चहाने अडतं.

आता बापलेकीकडे वळू. वाद का चिघळतो हे ओळखा. आपल्या समाजात एकाने दुसऱ्याच्या हातचं, दुसऱ्याच्या घरचं न खाणं याला जुना आणि वाईट इतिहास आहे. त्यात विटाळ आहे, जात आहे. नाकाला पदर लावून "आम्ही शिवराक" म्हणणाऱ्यांनी नुस्ते खाणाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या हिणवलंय. तुमची लेक "मढं" म्हणते तेव्हा तिच्या डोक्यात प्राण्याची वेदना असते. तुमच्या यजमानांच्या कानावर मात्र तेच जुनं हिणवणं पडतं, तेही पोटच्या पोरीकडून. व्हीगन विचाराचा सोवळ्याशी संबंध नाही. 1944 मध्ये इंग्लंडमध्ये ज्यांनी ही चळवळ नावारूपाला आणली त्यांचा मुद्दा प्राण्यांचा वापर टाळण्याचा होता, आणि त्यात सोवळ्यातलं तूपही बसत नाही. हे लेकीने बाबांना शांतपणे सांगायला हवं : "तुम्ही वाईट आहात असं मला म्हणायचं नाही, मला ते खाववत नाही." "मढं" हा शब्द घरातून गेला पाहिजे. व्हिडिओही. समोर ताट असताना कुणाचंच मत बदलत नाही, माणूस फक्त चिडतो.

यजमानांनीही "भाजीपाल्यालाही जीव असतो" हे थांबवावं. तिने ते शंभरदा ऐकलंय, आणि गाय-म्हशीला चारा घालून दूध काढण्यात वनस्पती जास्तच लागतात, हे उत्तर तिच्याकडे तयार आहे. त्यांना बोलायचंच असेल तर समुद्राबद्दल बोलू द्या, तिथे दोघांचं जुळेल. ट्रॉलरांविरुद्ध आपल्या रापणकारांनी (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांनी) सत्तरच्या दशकात आंदोलन केलं, त्यातून 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली, तरी तक्रारी थांबलेल्या नाहीत. 1 जून ते 31 जुलै हे 61 दिवस यांत्रिक होड्यांना बंदी असते ती नुस्त्याची वीण वाचावी म्हणून. बंदीच्या दिवसांत बर्फातलं नुस्ते न घेणं, अंगठ्याएवढं पिल्लू नुस्ते न घेणं, हे बाबा आजही करू शकतात. ती त्यांना व्हीगन करू शकणार नाही, पण हे मागू शकते.

स्वयंपाकघरात दोन चुली मांडायची गरज नाही. चार माणसांच्या हुमणाला (नुस्त्याच्या आमटीला) अर्धा नारळ, आठ बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, अर्धा चमचा हळद, सुपारीएवढी चिंच असं वाटण लागतं. ते एकच वाटा, पाणी घालून एका भांड्यात उकळा, सात-आठ तेफळं (तिरफळं) बी काढून ठेचून टाका. पहिली उकळी आली की, नुस्ते घालण्याआधी, तिच्यापुरतं छोट्या भांड्यात काढून घ्या. त्यात शेवग्याच्या शेंगा किंवा सुरण. सुरण आधी चिंचेच्या पाण्यात उकडलेला असावा, नाहीतर घसा खाजतो. कंद रस आणि आंबटपणा ओढून घेतो, म्हणून अर्धी वाटी पाणी जास्त आणि शेवटी एखादं आमसूल. हुमणाचा वास म्हणून आपण जो ओळखतो त्यात तेफळाचा वाटा मोठा असतो. तो तिच्या वाटीतही येईल.

तळणीत क्रम पाळा. आधी वांग्याच्या किंवा सुरणाच्या फोडी रव्यात घोळवून तळा, मग त्याच तव्यावर बांगडे. उलटं केलंत तर तेल वाया. घासलेला तवा तिला चालतो की वेगळा हवा, हे तिलाच विचारा. व्हीगन माणसांत याबाबत एकमत नाही. डाव (वाढायच्या पळ्या) मात्र वेगळे ठेवा, हुमणातला डाव चुकून तोंडाकात जातो तो घाईतच. गालम्याच्या किसमुराऐवजी भाजलेल्या पापडाचं किसमूर करा : चुरलेला पापड, खोबरं, कांदा, मिरचीपूड, आमसूल, वरून कच्चं खोबरेल. पापड अगदी वाढताना चुरायचा, आधी चुरला की मऊ पडतो. बाजारचं काही आणताना हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. त्या ठिपक्यात दूध-तूप बसतं. व्हीगन पदार्थांसाठी 2022 च्या नियमांनी वेगळं चिन्ह आलंय, ते शोधा.

आणि दिवाळी. तुमच्या फोवांच्या पंगतीतलं अर्धं ताट आधीच व्हीगन आहे. रोसातले (नारळाच्या रसातले) फोव, बटाट फोव, काळ्या वाटाण्याची उसळ, आंबाड्याची करम (कोशिंबीर), यांत दुधाचा थेंब नाही. रोसातले फोव सगळ्यांसाठीच मोठ्या भांड्यात करा, सहा जणांना एक मोठा नारळ आणि माडाचा काळा गूळ दीडशे ग्रॅम. गूळ रोसात थंडच विरघळवा, गरम पाक ओतला तर रोस फुटतो. नारळ त्याच पहाटे वाटा, रात्री काढून ठेवलेला रोस सकाळी आंबतो. फोव भिजवून निथळून ठेवा आणि रोस वाढताना घाला, नाहीतर लगदा होतो.

ताकातल्या फोवांसाठी शेंगदाण्याचं दही जमतं, पण चार दिवस आधी सुरुवात हवी. वाटीभर दाणे आठ तास भिजवून तीन वाट्या पाण्यात वाटा, फडक्यातून गाळा, दहा मिनिटं सतत ढवळत उकळा; हात थांबला की तळाला लागतं. बोट सोसेल इतकं निवलं की सहा-सात हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून दहा-बारा तास झाकून ठेवा. पहिलं दही सैल आणि उग्र लागेल. ते फोवांना वापरू नका, त्याच्या दोन चमच्यांनी दुसरं लावा. हे काम लेकीवर सोपवा.

दुधातले फोव जावेच्या मुलांना हवेच असतील, तर ते वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावाने, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. जावेला दोन दिवस आधी फोन करा : मुलीच्या खाण्यावर, वजनावर, लग्नानंतर काय करणार यावर पंगतीत एकही प्रश्न नको. तोच शब्द लेकीकडूनही घ्या, की त्या सकाळी ती कुणाच्या वाटीत डोकावणार नाही. कुणी तिला "अगं, थोडं तूप घे, काय होतंय" म्हणालं, तर उत्तर तिने द्यायचं नाही. ते तुम्ही द्यायचं, सगळ्यांसमोर : "ती घेत नाही."