भागीदारी लपवू नका

प्रश्न : माझी शेजारीण एल साल्वादोरची. 2001च्या भूकंपांनंतर मिळालेल्या टीपीएसवर, म्हणजे तात्पुरत्या संरक्षित दर्जावर, ती अमेरिकेत राहते. शिवणकामाच्या दुकानासाठी तिला 12,000 डॉलर हवेत. मी नागरिक आहे. दुकान दोघींचं, पण कागदावर माझ्या एकटीचं दाखवून एसबीएच्या, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीच्या अमेरिकी सरकारी संस्थेच्या, हमीचं कर्ज घेऊ का?

उत्तर : नको, ताई. जून 2025पासूनच्या नियमांत टीपीएसधारकाची एक टक्का मालकीही चालत नाही, आणि ती लपवणं हा फेडरल गुन्हा आहे. भोगावं तिलाच जास्त लागेल.

त्याऐवजी ‘किवा’ (Kiva) ही लोकांकडून थोडे थोडे पैसे जमवून कर्ज देणारी संस्था पाहा. तिथे 15,000 डॉलरपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळतं, क्रेडिट स्कोअरची किमान अट नाही. मात्र आधी ओळखीच्या माणसांनी थोडे थोडे पैसे घालावे लागतात. पहिले 25 डॉलर तुमचे असू द्या! दुसरा रस्ता सीडीएफआयचा, म्हणजे वस्त्यांसाठी काम करणाऱ्या कर्जसंस्थांचा.

मी अनेक वर्षं कर्जाचे अर्ज तपासले. वर्क परमिटची शेवटची तारीख मी आधी बघायचे. टीपीएस एका वेळी जास्तीत जास्त 18 महिन्यांसाठी मिळतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा वाढवून मिळालाय हे दिसावं यासाठी आधीच्या सगळ्या नूतनीकरणांची कागदपत्रं, करविवरणं आणि गिऱ्हाइकांच्या पावत्या तिने सोबत न्याव्यात. रोज खात्यातून पैसे कापून घेणाऱ्या झटपट ॲडव्हान्सवर मात्र तिला सही करू देऊ नका.