कॉर्डवेनर म्हणजे दोर वळणारा नव्हे: जुन्या इंग्रजी जोड्यांच्या शब्दांबद्दल

1740 च्या सुमाराच्या लंडनच्या एका कारागिराच्या मरणानंतर केलेली मालाची यादी तुम्ही मराठीत आणताय, आणि तीत कॉर्डवेनर, लास्ट आणि पॅटन हे तीन शब्द अडलेत. याच तीन शब्दांनी मलाही अडवलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. जुनं इंग्रजी हस्ताक्षर वाचता येतं, असं धरून चालतो.

सगळ्यात महागात पडते ती कॉर्डवेनरची चूक. 'कॉर्ड' दिसलं की माणूस दोराकडे वळतो. एका संस्थेच्या परिभाषासूचीत आजही 'दोर वळणारा' असंच छापलेलं आहे. दुरुस्ती कळवली तर 'समितीपुढे ठेवू' एवढंच उत्तर येतं आणि पुढच्या आवृत्तीत तोच शब्द. संताप येतो, कारण त्या एका ओळीवरून जोडे शिवणाऱ्याचं अख्खं घर दोरवाल्याचं होतं. शब्द स्पेनमधल्या कॉर्दोबा शहरावरून आला, तिथल्या नामांकित चामड्यामुळे. कॉर्डवेनर नव्या चामड्याचे जोडे शिवणारा, कॉब्लर जुने दुरुस्त करणारा. लंडनच्या कॉर्डवेनरांच्या संघाला 1439 मध्ये राजाची सनद मिळाली.

दोघांनाही 'चांभार' लिहू नका. हे माझं मत आहे, नियम नव्हे. पण त्या शब्दाबरोबर आपल्याकडची जात येते आणि लंडनमधला भेद मात्र पुसला जातो. 'जोडे शिवणारा' आणि 'जोडे दुरुस्त करणारा' लिहा. लांब वाटेल, चालेल.

लास्ट म्हणजे 'शेवटचा' नाही. तो पायाच्या आकाराचा लाकडी ठोकळा, आपल्याकडचा फर्मा. मूळ जुना इंग्रजी अर्थ पाऊलखूण. 'टिकणे' या अर्थाचं क्रियापदही त्याच कुळातलं. एक सावधगिरी: साधारण 1600 ते 1800 या काळात डावा-उजवा भेद नसलेले जोडे सर्रास होते, एकाच फर्म्यावर दोन्ही निघत. म्हणून यादीत 36 लास्ट असतील तर '18 जोड' असं लिहू नका, 36 नगच ठेवा.

पॅटनला 'खडावा' म्हणू नका. खडावा अनवाणी पायात, पॅटन जोड्यावरून. लाकडी तळ, वरून पट्टा, आणि तुमच्या काळात तळाखाली लोखंडी कडं, म्हणजे जोडा चिखलापासून वर राहतो. दगडी फरशीवर ती खणखण वाजत, म्हणून चर्चमध्ये काढून ठेवायला सांगत. 'जोड्यावरची चिखलतळी' असा शब्द मी वापरेन, कुणाला याहून बरा सुचला तर जरूर सांगा.

गलोश (जोड्यावरून घालायचा जोडा) आलं तर तारीख पाहा. रबर टिकाऊ करण्याचं अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरचं पेटंट 1844 चं. तुमच्या यादीच्या काळातल्या गलोशला 'रबरी' म्हणणं चूकच. 'सेंट ह्यूची हाडं' दिसली तर घाबरू नका, ती जोडे शिवणाऱ्याची हत्यारं: आरी, रापी वगैरे.

जाता जाता मापाचं. इंग्रजी माप सातूच्या दाण्यावर चालतं, एक दाणा म्हणजे एक-तृतीयांश इंच. मोठ्यांसाठी फर्म्याची इंचातली लांबी गुणिले 3, वजा 25. 11 इंचाला 8 नंबर. आपल्या दुकानातला यूके 8 तोच. पण हे फर्म्याचं माप आहे, पायाचं नाही. तुमच्या यादीत नुसते आकडे असतील तर त्यांना हे सूत्र लावू नका.