पोरांसोबतची पहिली भटकंती: पाटणादेवीपासून सुरू करा

पहिल्यांदाच निघताय ना, मग धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला सध्या राहू द्या. चढ उघडा आहे, पोरं दमतात आणि मग आपल्यालाच खांद्यावर घ्यावी लागतात. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जा. गौताळ्याचं जंगल, सावली, चंडिकेचं जुनं दगडी मंदिर. गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला इथं मठ काढला होता. त्याचा 1207 सालचा शिलालेख पाटणलाच सापडला. पोरांना हे भाषणासारखं सांगू नका. माझ्या लेकीने मंदिराच्या बाहेरच्या भिंतीचे कोपरे बोटाने मोजायला घेतले, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा मलाच मोजायला लावले. गणित तिथंच झालं! हिवाळ्यात जा, सकाळी लवकर. कळण्याची भाकरी, ठेचा न्या. पाणी मात्र दुप्पट.