पीटूपीवर यूएसडीटी विकले, पैसे बँकेत आले, मी रिलीज केलं आणि आठवड्याने बँकेने ते पैसे परत काढून घेतले. असं कसं होऊ शकतं? आता काय करू?

होऊ शकतं, आणि तुम्ही जे लिहिलंय त्यावरून हा पेमेंट रिव्हर्सलचाच, म्हणजे आलेलं पेमेंट नंतर उलटवण्याचा प्रकार वाटतो. मी बरीच वर्षं पीटूपीवर, म्हणजे प्लॅटफॉर्मवरून थेट दुसऱ्या माणसाला, यूएसडीटीसारखं (डॉलरला बांधलेलं क्रिप्टो कॉइन) क्रिप्टो विकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. "आता काय करू" ते आधी सांगतो कारण त्यात वेळ महत्त्वाचा आहे.

बँकेला आजच लेखी विचारा की रक्कम नेमकी कशामुळे काढली, समोरच्या बँकेकडून रिकॉल (पैसे परत पाठवा अशी मागणी) आला, कार्डाचा चार्जबॅक (कार्डवाल्याने बँकेकडून पेमेंट परत घेणं) होता, की कोणी फसवणुकीची तक्रार केलीये? तिन्हीचं उत्तर देण्याची पद्धत वेगळी असते. फक्त तेवढीच रक्कम अडकलीये की अख्खं अकाउंट गोठवलंय हेही विचारा. प्लॅटफॉर्मवर ऑर्डर कम्प्लीट दिसत असली तरी तक्रार टाका, कारण रिलीज (प्लॅटफॉर्मने अडवून ठेवलेलं क्रिप्टो खरेदीदाराला सोडणं) उलटवता येत नसलं तरी त्या खरेदीदाराच्या अकाउंटला काही शिल्लक असेल तर ते लॉक करू शकतात, पण ते पहिल्या काही तासांत किंवा दिवसांतच कामाचं, नंतर तिथे काही उरलेलं नसतं. ऑर्डर नंबर, पूर्ण चॅट, पैसे पाठवणाऱ्याचं नाव दिसणारी बँक एंट्री, रिलीजची वेळ, ट्रान्झॅक्शन हॅश (क्रिप्टो व्यवहाराचा ओळख कोड) असेल तर तो, सगळं सेव्ह करून ठेवा आणि तेच घेऊन पोलिसात तक्रार द्या. तुम्ही पैशाच्या बदल्यात खरंच काहीतरी दिलंय हे दाखवणारा एवढाच पुरावा तुमच्याकडे असतो.

आता हे होतं कसं. पीटूपीमध्ये एकाच सौद्याचे दोन अर्धे असतात आणि दोघांचे नियम पूर्ण वेगळे. क्रिप्टोचा अर्धा गेला की गेला. बिटकॉइनला साधारण तासाभरात सहा कन्फर्मेशन (नेटवर्कने व्यवहार पक्का केल्याच्या नोंदी) होतात, त्यानंतर कोणाला फोन करून ते परत आणता येत नाही. यूएसडीटीमध्ये ते काढणारी टिथर कंपनी एखादा वॉलेट पत्ता गोठवू शकते आणि तपास यंत्रणांच्या सांगण्यावरून गोठवतेही, पण तोपर्यंत समोरच्याने ते दुसऱ्या कॉइनमध्ये बदलून पुढे चार पत्त्यांवर फिरवलेलं असतं. पैशाचा अर्धा मात्र अकाउंटला दिसला म्हणून पक्का झाला असं अजिबात नसतं. कार्डाच्या पेमेंटवर साधारण १२० दिवसांपर्यंत चार्जबॅक टाकता येतो, पेपालमध्ये डिस्प्यूटची मुदत १८० दिवस आहे, अमेरिकेतल्या एसीएच डेबिटवर (बँक खात्यातून थेट पैसे कापण्याची पद्धत) ग्राहक "हे माझ्या परवानगीशिवाय झालं" असं ६० दिवसांपर्यंत म्हणू शकतो, युरोपच्या तशाच सेपा डायरेक्ट डेबिटमध्ये तर ८ आठवड्यांपर्यंत कारणसुद्धा द्यावं लागत नाही. तुम्हाला पेमेंट वॉलेटमधून साधा ट्रान्सफर आला असेल, पण त्या वॉलेटमध्ये पैसे मुळात कशातून भरले होते ते तुम्हाला दिसत नाही ना, तिथेच सगळी गोम आहे.

बिटकॉइन बनवणाऱ्या सातोशी नाकामोतोच्या २००८ च्या बिटकॉइन पेपरची सुरुवातच या मुद्द्याने होते, की बँका वाद मिटवायला मध्ये असतात म्हणून पेमेंट कधीच पूर्ण पक्कं होत नाही आणि ते उलटलं की भोगतो विक्रेता. बिटकॉइन विक्रेत्याला वाचवायला निघालं आणि आज बिटकॉइनचाच विक्रेता त्याच जुन्या खड्ड्यात उभा आहे, कारण त्याला मिळणारी बाजू अजून बँकेचीच आहे. प्लॅटफॉर्मचा एस्क्रो (सौदा होईपर्यंत क्रिप्टो अडवून ठेवणं) खरेदीदाराला वाचवतो, तुम्हाला तो रिलीजचं बटण दाबेपर्यंतच वाचवतो. मला हा सगळ्यात मोठा दोष वाटतो आणि प्लॅटफॉर्म हे नवीन माणसाला ठळक अक्षरात सांगत नाहीत याचा खरंच राग येतो.

रिव्हर्सल करणारे दोन-तीन प्रकारचे असतात. खरेदीदार स्वतःच यूएसडीटी घेऊन मग बँकेला सांगतो की मी हे पेमेंट केलंच नाही, हा साधा प्रकार. दुसऱ्यात तो चोरलेल्या बँक लॉगिनने किंवा कार्डाने पैसे देतो आणि खऱ्या मालकाला कळलं की पैसे परत जातात. तिसरा सगळ्यात वाईट, त्रिकोणी. चोर एकीकडे तुमच्याकडे ऑर्डर टाकतो आणि दुसरीकडे कोणा तिसऱ्यालाच मोबाईल विकतोय किंवा घर भाड्याने देतोय असं सांगून डिपॉझिटसाठी तुमचा अकाउंट नंबर देतो. तो बिचारा तिसरा माणूस तुम्हाला पैसे पाठवतो, तुम्ही चोराला यूएसडीटी सोडता, घर नाही म्हटल्यावर तिसरा माणूस तक्रार करतो, आणि त्याच्या तक्रारीत आरोपी म्हणून नाव असतं तुमचं. चोराचं नाव कुठेच नाही!

माझ्याकडे असं एक पेमेंट आलं होतं, ऑर्डर एकाच्या नावाची आणि पैसे दुसऱ्याच बाईच्या अकाउंटवरून. चॅटमध्ये म्हणाला बहिणीचं अकाउंट आहे, लवकर सोडा, अर्जंट आहे. बँक एंट्रीच्या रिमार्कमध्ये "रूम डिपॉझिट" लिहिलेलं होतं. मी रिलीज केलं नाही, प्लॅटफॉर्मकडे अपील टाकलं, त्यावर तो शिव्यांवर आला, मी बँकेला कळवून पैसे जिथून आले तिथेच परत पाठवायला लावले. ती बाई कोण ते मला माहीत नाही पण तिचे पैसे वाचले याचं मला आजही बरं वाटतं. म्हणून तुम्हालाही सांगतो, तुमच्याविरुद्ध तक्रार करणारा माणूस बहुतेक तुमच्यासारखाच फसलेला असणार, त्याच्यावर चिडून फोनबिन करू नका.

पुढच्या वेळेसाठी, पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि प्लॅटफॉर्मवरचं व्हेरिफाइड नाव जुळलं नाही तर कितीही गोड बोलला तरी रिलीज करायचं नाही, भाऊ, बायको, कंपनीचं अकाउंट, काहीही चालवून घ्यायचं नाही. यानेच त्रिकोणी प्रकार बराचसा थांबतो. पण नाव जुळलं म्हणजे निश्चिंत असंही नाही, कारण काही वेळा फसलेल्या माणसाकडूनच त्याच्या नावाने पीटूपी अकाउंट उघडून घेतलेलं असतं, तो स्वतः खरेदी करतो आणि कॉइन चोराने दिलेल्या पत्त्यावर पाठवतो, मग जागा झाला की तक्रार करतो. त्यामुळे अकाउंट किती जुनं, आधी किती सौदे झालेत, हेही बघा आणि अगदी नव्या खरेदीदाराला छोटीच रक्कम द्या. बिस्क नावाच्या पीटूपी प्लॅटफॉर्ममध्ये नियमच तसा ठेवलाय, चार्जबॅकचा धोका असलेल्या पद्धतींना नवीन पेमेंट अकाउंटवर आधी लहान मर्यादा, जुन्या ट्रेडरकडून ते साइन झालं (म्हणजे त्याने त्या अकाउंटची खात्री दिली) आणि काही आठवडे गेले की मर्यादा वाढते, कारण चोरलेलं अकाउंट सहसा तितके दिवस टिकत नाही. ही कल्पना मला फार पटते आणि कुठल्याही प्लॅटफॉर्मवर तुम्ही ती स्वतःपुरती पाळू शकता.

कार्ड आणि पेपालसारखे प्रकार मी घेतच नाही, "फ्रेंड्स अँड फॅमिली" असलं तरी नाही, त्यात विक्रेत्याला संरक्षण नसतं आणि कार्डवाला चार्जबॅक तरीही टाकू शकतो. एसएमएस, ईमेल, स्क्रीनशॉट यावर रिलीज करू नका, स्वतः बँकेच्या अॅपमध्ये जाऊन अव्हेलेबल बॅलन्स बघा, पेंडिंग नको. बाजारभावापेक्षा बराच जास्त रेट देणारा आणि चॅट टेलिग्रामवर न्यायला सांगणारा, दोघांनाही सोडून द्या. आणि पीटूपीला अकाउंट वेगळंच ठेवा, पगाराचं कधीच वापरू नका, गोठवलं गेलं तर घर अडतं.

ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसून स्वतःच पैसे पाठवलेल्या ग्राहकाला द्यायच्या भरपाईचा निम्मा भार पैसे स्वीकारणाऱ्या बाजूच्या बँकेवर टाकलाय, म्हणजे तिथे तुमची बँकसुद्धा येणाऱ्या पैशांकडे संशयाने बघणार. कशासाठी पैसे आले असं बँकेने विचारलं तर क्रिप्टो विकलं हेच सांगा, दुसरं काही सांगू नका, खोटं पकडलं गेलं की तुमची खरी बाजूही कोणी ऐकत नाही.

अजून एक, आता तुम्हाला मेसेज येऊ शकतात. कोणी म्हणेल मीच तो फसलेला, माझे पैसे या दुसऱ्या अकाउंटला पाठवा. पाठवू नका, तुमची रक्कम बँकेने आधीच काढलीये, तुम्ही दुसऱ्यांदा द्याल. परतफेड करायची वेळ आलीच तर ती बँकेमार्फत आणि मूळ अकाउंटलाच. आणि "तुमचे यूएसडीटी परत मिळवून देतो, आधी फी भरा" किंवा वॉलेटचे बारा शब्द (वॉलेट उघडणारी गुप्त किल्ली) द्या म्हणणारे येतील, त्यांना उत्तरही देऊ नका. बँकेकडून कारण काय लिहून आलं ते इथे कमेंटमध्ये टाका, नाव-नंबर झाकून, मग पुढे काय लिहायचं ते बघू.